विमानाचा दलाल

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा बाहेरगावच्या वादविवाद स्पर्धेत बोलले, आणि माझ्या वाट्याला विषय आला तो लढाऊ विमानांचा. ‘हवाई दलाच्या आधुनिकीकरणासाठी परदेशी विमानांची खरेदी अपरिहार्य आहे.’ स्पर्धा नांदेडच्या एका कॉलेजात होती. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमच्या जोडीला विरोधाची बाजू आली. म्हणजे खरेदी नको, असं आम्ही पटवून द्यायचं होतं. विमान मी तोपर्यंत जवळून पाहिलंही नव्हतं. हेलिकॉप्टर पाहिलं होतं, भूकंपानंतर, किल्लारीच्या बाजूला उतरताना. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि पाल्याचा कचरा डोळ्यांत गेला एवढंच नीट आठवतं.

लातूरमध्ये मी आणि माझी जोडीदारीण एकाच खोलीत राहायचो. खाली फिजिक्सचा क्लास होता. पहाटे मुलांच्या सायकलींनी गल्ली भरायची आणि गुणवत्ता यादीत आलेल्यांचे फोटो लावलेले मोठमोठे फलक रस्ताभर असायचे. त्या गल्लीत वादविवादाची तयारी म्हणजे वेळ घालवणं होतं. घरमालकीण विचारायची, “ह्याचे मार्क धरत्यात का गं?” धरत नाहीत म्हटलं की ती नुसती बघायची.

तयारी आम्हाला मराठीचे सर करून घ्यायचे. वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं काढून आम्ही वाचली. दोन्ही बाजूंचं वाचलं की मला दोन्ही बाजू पटायच्या. विमानं जुनी झाली आहेत, ती पडतात, त्यांत तरुण वैमानिक जातात. देशात नवं विमान तयार करायला वर्षानुवर्षं लागतात आणि शेजारी तोवर थांबत नाही. हे सगळं मला खरं वाटायचं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “खरं वाटू दे. तू फक्त तुझ्या बाजूचं जे खरं आहे ते शोध.”

ते मला आमच्या गावातच सापडलं. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा परदेशातून पाणी शुद्ध करायचं एक यंत्र आलं होतं. निळं, चाकांवरचं, फार सुंदर. काही महिने आम्ही त्याचं पाणी प्यायलो. मग त्यातली रबराची एक कडी तुटली. तसली कडी लातुरात मिळाली नाही, हैदराबादेत मिळाली नाही. कुणीतरी सायकलच्या ट्यूबची कापून बसवली, तिनं दोन दिवस काढले. पुढं नव्या गावात घरं मिळाली तेव्हा यंत्र शेडजवळच राहिलं आणि त्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मी हे लिहून नेलं तर सर खूश झाले. “विमान विकत मिळतं, पण त्याची कडी प्रत्येक वेळी त्यांच्याकडेच मागावी लागते. हाच तुझा मुद्दा,” ते म्हणाले.

दुसरा मुद्दा सरांनी स्वतः दिला. शस्त्रखरेदीत मधले लोक असतात, पैसा त्यांच्याकडे जातो, हा. त्यासाठी त्यांनी एक वाक्यही दिलं: “विमान नंतर उडतं, आधी दलाल उडतो.” तालमीच्या वेळी या वाक्याला वर्गातल्या मुलांनी बाकं वाजवली.

माझे वडील दलाल होते. बैलांचे. देवणीच्या बाजारात त्यांना सगळे ओळखायचे आणि आमच्या गावात तर आमच्या घराला दलालाचंच घर म्हणायचे. त्यात वाईट काही आहे हे मला लातूरला येईपर्यंत माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात तो शब्द मी दुसऱ्या अर्थानं वाचला आणि पहिल्यांदा वाचला तेव्हा काही तरी छापायला चुकलं असेल असं वाटलं.

तरीही मी ते वाक्य म्हणणार होते. वाक्य चांगलं होतं आणि ऐकणारे परके होते. पण स्पर्धेच्या आठवड्यात खालच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला.

“नांदेडला हाय म्हणं तुझं ते बोलायचं?” अण्णा, माझे वडील, विचारत होते.

“हो. पण ते लांब आहे अण्णा.”

“लांब काय? मी माळेगावच्या जत्रंत येऊनच राहिलो की बैलं घेऊन. तिथून नांदेड काय लांब हाय? येतो मी ऐकायला.”

मी पुढं शिकावं म्हणून अण्णांनी घरात पुष्कळ ऐकून घेतलं होतं. आलेली दोन स्थळं त्यांनी परत पाठवली होती आणि चुलते बोलायला लागले की ते सांगायचे, पोरगी तिथं स्टेजवर बोलती. त्यांनी ते स्टेज कधी पाहिलेलं नव्हतं. आता पाहणार होते, आणि त्याच दिवशी त्यांच्या धंद्याचं नाव त्यांच्या मुलीच्या तोंडून शिवीसारखं ऐकणार होते. मला त्यांना ते ऐकू द्यायचं नव्हतं. बाकी स्पर्धेचं जे होईल ते होईल.

जोडीदारणीला मी सांगितलं की शब्द बदलू या. तिला आवडलं नाही.

“टाळ्या तिथंच पडतात गं.”

“माझे अण्णा दलाल आहेत.”

“मग माझे आडते आहेत. पेपरात आडत्यांबद्दल काय काय लिहितात. आमच्या उदगीरच्या दुकानात त्याच पेपरात पुड्या बांधतात.”

“तुझे वडील येणार नाहीत ना ऐकायला.”

यावर तिनं भाषणाचा कागद पुढं ओढला. मग म्हणाली, “दलाल नाही तर काय म्हणशील?”

मी शब्दकोश पाहून ठेवला होता. “मध्यस्थ.”

“विमान नंतर उडतं, आधी मध्यस्थ उडतो,” तिनं म्हणून पाहिलं. “हा तर लग्न जमवणारा वाटतोय.”

स्पर्धेच्या दिवशी अण्णा आमच्या आधीच येऊन बसले होते. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवलेला. धोतराला जत्रेची धूळ होती. मी जाऊन पाया पडले तर म्हणाले, “जा माय, तुझं बघ. मी हाय इथंच.”

माझा नंबर आला. पाण्याच्या यंत्राचं मी बोलले ते बरं झालं. कोंबड्यांना लोक हसले आणि परीक्षकांत हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांनी काही तरी टिपून घेतलं. मग ते वाक्य आलं. इतक्या तालमी झाल्या होत्या की तोंडात ‘द’ आलाच. मी थांबले. मग “मध्यस्थ” म्हणाले. वाक्य पडलं. कुणी टाळी वाजवली नाही. जोडीदारीण खाली बघत होती.

पलीकडच्या बाजूनं बोलणारा मुलगा नांदेडचाच होता. सफाईदार बोलायचा. तो उठला आणि म्हणाला, “माझ्या प्रतिस्पर्धी ताईंना एक शब्द उच्चारायला फार त्रास झाला. मध्यस्थ! अहो, सरळ दलाल म्हणा की. की नातं लागतं तुमचं?”

सभागृह हसलं. हसणं ओसरत असताना मागून आवाज आला, “हाव, दलालच म्हणत्यात त्येला.”

ते अण्णा होते. ते कुणाला टोमणा मारत नव्हते. बाजारात कुणी दातांवरून बैलाचं वय चुकीचं सांगितलं तर जसं दुरुस्त करतात, तशा आवाजात त्यांनी सांगितलं होतं. लोक पुन्हा हसले. सूत्रसंचालकांनी शांत राहायला सांगितलं. अण्णांनी मान डोलावली, जणू शांत राहायला त्यांनीच सुचवलं होतं.

शेवटी आमच्या बाजूनं उत्तर मी द्यायचं होतं. जे पाठ केलं होतं ते आठवेना. मी म्हणाले की त्यांचं बरोबर आहे, शब्द दलालच आहे, आणि हो, नातं लागतं. माझे वडील देवणीच्या बाजारात बैलांचे दलाल आहेत. यावर कुणी हसलं नाही, त्यामुळं मला पुढं बोलावं लागलं.

आमच्या बाजारात भाव रुमालाखाली होतो, मी सांगितलं. दलाल रुमालाखाली हात घालतो, आधी विकणाऱ्याची बोटं धरतो, मग घेणाऱ्याची, आणि बोटांवरूनच आकडा ठरतो. आजूबाजूच्या लोकांना आकडा कळत नाही. पण रुमाल कुणाचा आहे ते सगळ्या बाजाराला दिसत असतं. बैल खोडीचा निघाला, नांगराला जुंपला की खाली बसायला लागला, तर घेणारा तो बैल घेऊन सरळ दलालाच्या दारात येतो. आमच्या दारात असे बैल आलेले मी पाहिले आहेत. वडील त्या माणसाला चहा देतात, चप्पल घालतात आणि बैलासकट त्याच्याबरोबर चालू लागतात. विमानाच्या खरेदीत आकडा पेपरात छापून येतो आणि माणूस रुमालाखाली असतो. विमान बसलं तर ते कुणाच्या दारात न्यायचं, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. एवढंच म्हणायचं होतं.

घंटा झाली होती की नव्हती ते मला कळलं नाही. मी खाली आले.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस त्या नांदेडच्या मुलाला मिळालं आणि ते योग्यच होतं. त्याच्याकडे मुद्दे जास्त होते. परीक्षकांनी निकालाआधी जे सांगितलं त्यात माझ्या बोलण्याबद्दल ‘बैलबाजाराचा विस्तार विषयाला सोडून’ असं एक वाक्य होतं. निवृत्त गृहस्थ नंतर चहाच्या टेबलाजवळ भेटले. रबराच्या कडीचं खरं आहे, म्हणाले. दलालाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. जोडीदारीण म्हणाली, “एवढं सगळं बोलायचंच होतं, तर टाळ्यांचं वाक्य का घालवलंस गं?” तिचंही बरोबर होतं.

अण्णांना मी बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. माळेगावकडं जाणारी गाडी लागायची होती. त्यांनी मला एक उसाचा रस घेऊन दिला, स्वतः घेतला नाही. बराच वेळ ते त्या यंत्राबद्दलच बोलत होते. कोंबड्यांचं सांगायला नको होतं, म्हणाले, त्या आपल्याच कोंबड्या होत्या.

मला विचारायचं होतं की तुम्हाला राग आला का. पण तसा प्रश्न आमच्यात कुणी विचारत नाही. मी उसाचा रस पीत राहिले.

गाडी लागली. रुमाल डोक्याला गुंडाळत ते म्हणाले, “ते मधीच काय म्हणलीस तू? मध्यस्थ का काय?”

“हो. मध्यस्थ.”

“म्हंजी दलालच ना?”

“दलालच, अण्णा. पुस्तकात तसं म्हणतात.”

कंडक्टरनं घाई केली तसे ते पायरीवर चढले आणि दांड्याला धरून खाली वाकले.

“मग दलालच म्हणायचं की आधीपासून,” ते म्हणाले. “ते पोरगं बोलेपर्यंत मला वाटलं दुसराच कुणी माणूस हाय.”