दातांत धरलेला दोरा

आमच्या बिल्डिंगमध्ये मानेचा डॉक्टर म्हणजे मी. पदवी सलूनची. भाईंदर पश्चिमेला केस कापून झाले की कारागीर डोकं दाबून, मान चोळून द्यायचा. तेवढं बघून शिकलो. रविवारी शेजारचे एकेक जण मान वाकडी करत दारात उभे. "भाऊ, मान धरलीय, बघतोस का जरा?" मीही बघायचो. फुकटच्या कौतुकाला मी कधी नाही म्हटलं नाही.

कायमची पेशंट मात्र बायको. एकोणीसशे नव्वदच्या आसपास ती घरी काळे मणी ओवायचं काम करायची. शेठचा माणूस मण्यांची पिशवी आणून टाकायचा. मी कामावर गेलो की ती खिडकीखाली जमिनीवर बसायची. घरात टेबल होतं, पण ते मी खात्याच्या परीक्षेसाठी घेतलेलं. दोनदा नापास झालो, मग त्यावर टीव्ही आला. टेबलाला काम मिळालं, मला बढती नाही.

संध्याकाळी मी खाटेवर, ती पुढ्यात जमिनीवर, मध्ये वाटीत कोमट खोबरेल. माझे अंगठे तिच्या मानेत आणि डोळे टीव्हीत.

"बरं वाटतंय?"

"वाटतंय," म्हणायची आणि पिशवी पुन्हा जवळ ओढायची. मी चहाला उठायचो. वाटायचं, काय हात आहे आपला.

अशी आठ वर्षं गेली. दुखणं मानेतून कानामागे गेलं, तिथून कपाळात, मग जबड्यात. घास चावताना कट्‌ वाजायचं. जांभई आली तर ती हनुवटी हाताने धरायची.

जयंतीला विहारासमोर बायकांचा गाण्याचा कार्यक्रम व्हायचा आणि पुढे माईक धरून गायची ती नेहमी हीच. माहेरी, परभणीकडे, ती लहानपणापासून गायची. वर्षभर मणी ओवायचे आणि एक दिवस उभं राहून गायचं, एवढंच तिचं स्वतःचं होतं. त्या वर्षी महिनाभर आधी सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी ती लवकर परतली.

"अहो, वरच्या सुरातली ओळ येईना. तोंडच उघडत नाहीय."

"दोन दिवस जोरात चोळतो, मोकळं होईल."

चोळलं. जबडाही चोळला, सगळी विद्या पणाला लावून. तिसऱ्या दिवशी तोंडात बोट जाईना. ती वरणभात पातळ कालवून पीत होती.

तेव्हा कुठे स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारली आणि पुढच्या दातावर थांबले. दाताच्या कडेला बारीक खाच पडली होती.

"क्या काम करती हो, बहन?"

तिने सांगितलं.

"कैसे बैठती हो? करके दिखाओ."

ती माझ्याकडे बघत फरशीवर बसली. हातातल्या कापडी पिशवीचा सुटलेला दोरा ओढून काढला. एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, दुसरं दातांत घट्ट धरलं. मान खाली गेली, जबडा एका बाजूला सरकला. तशीच थांबली.

"रोज़ कितने घंटे?"

"मैं रोज़ मालिश करता हूँ," मी म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, "मालिश से अच्छा लगता है, और आप फिर ऐसे ही बैठ जाती हो. है ना?"

दातांत दोरा होता, म्हणून तिने नुसती मान हलवली.

आठ वर्षं मी तिच्या मागे बसत होतो. कामाला बसलेला तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा समोरून पाहिला.

घरी येऊन टीव्ही खाली ठेवला. टेबलाच्या कडेला खिळा ठोकला, दोऱ्याचं टोक बांधायला. दोन मिनिटं लागली. त्यातलं एक हातोडी शोधण्यात गेलं. ती खुर्चीवर ताठ बसून ओवू लागली. पंधरा दिवसांत मान हलकी झाली, कपाळातलं दुखणं थांबलं. जबडा शेकून, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करून दोन बोटांइतका उघडला. त्यापुढे नाही. त्या वर्षीही नाही, नंतरही नाही.

जयंतीला माईक शेजारणीच्या हातात होता. ही मागच्या रांगेत. मी सवयीने गाणाऱ्या बायकांच्या मागेच उभा होतो. मागून तिची मान सरळ दिसत होती, मला बरं वाटलं. शेजारचे काका खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तुझ्या हाताला गुण आहे हां."

मग मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो. ती टाळ्यांवर ताल धरून होती. ओठ मिटलेले होते.