हल्ल्याआधी हजेरी

"अबे, तो मजूर उभा काहून हाय? कोणाचा हाय तो? कामाले लावा बे त्याले!"

हा आवाज दारातून आला तेव्हा आमच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या सहाही पोट्ट्यांचे हात माउसवरून सुटले. मी खुर्चीतून उठलो तो शाळेत साहेब आल्यासारखा ताठ उभा. बाहेर रस्त्यावर एक म्हैस चालता चालता थांबली, ती पंधरा मिनिटं हलली नाही. लोक तर सांगतात की त्या दुपारी राजेगावच्या नाक्यावर ट्रकवाल्यांनी कोणी न मागता आपापले कागद काढून हातात धरले. मी तिथं नव्हतो. पण तो आवाज मी ऐकलेला आहे, म्हणून मला त्यात खोटं काही वाटत नाही.

दारात आमचे घरमालक काका उभे होते. लुंगी, बनियन, कपाळावर उशीचा वळ. बालाघाटला त्यांच्या घरात खालच्या खोलीत माझा क्लास आणि वर ते आणि काकू. दुपारी शिकवणी नसली की पोट्टे खेळत, खेळात तलवारी खणखणत, आणि त्या खणखणाटानं काकांची झोप मोडली होती. ते खोली खाली करायला सांगायला आले होते, हे मला काकूंनी नंतर सांगितलं. पण दारातून त्यांची नजर पडद्यावर गेली आणि खोलीचा विषय तिथंच राहिला.

तो खेळ तुम्हीही पाहिला असेल. पडद्यावर जंगल, सोन्याची खाण, आणि तुमचे म्हणून तीन मजूर. त्यांनी लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, घरं बांधायची. मग त्यातून शिपाई तयार करायचे आणि समोरच्याचं गाव पाडायचं. थांबून विचार करायची सोय नाही. तुम्ही नाक शिंकरेपर्यंत समोरच्याचे दहा घोडेस्वार तयार. त्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक मजूर खांद्यावर कुऱ्हाड टाकून नुसता उभा होता.

"काका, तिथलं झाड संपलं जी," एक पोट्टा म्हणाला.

"मंग दुसरं झाड त्याले दिसत नाही का तुले दिसत नाही?"

काकांनी स्टूल ओढलं आणि बसले. मी तुम्हाला सांगतो, ते स्टूल मग वर्षभर दुसऱ्या कोणाला मिळालं नाही.

काका उकव्याकडच्या मॅंगनीजच्या खाणीत तीस वर्षं मुकादम होते. त्यांनी शिट्टी मारली की माणसं तर सोडाच, डोंगरसुद्धा थोडा सरकून बसायचा. रिटायर होऊन बालाघाटला घर बांधलं आणि पहिल्याच महिन्यात त्यांना कळलं की इथं हाताखाली कोणीच नाही. काकू होत्या, पण काकू त्यांचं ऐकत नसत. आता एकदम पडद्यावर शंभर माणसं मिळाली, तीही न बोलता काम करणारी. माणूस खुलला.

माउस ते दोन्ही हातांनी धरत, खडकाला ड्रिल लावल्यासारखा. पहिल्या आठवड्यात तीन माउस गेले. पण डोकं? आमचे पोट्टे सुरुवातीपासून शिपाई काढायचे आणि पाचव्या मिनिटाला उपाशी मरायचे. काका म्हणाले, "शिपाई खाते, मजूर आणते. पहिले आणणारे वाढव." मग ते मजूर काढत सुटले. दहा, पंधरा, वीस. समोरचा हसायचा की म्हाताऱ्याजवळ एक भाला नाही. आणि बाराव्या मिनिटाला या म्हाताऱ्याकडे इतकं लाकूड आणि सोनं यायचं की समोरच्याचं हसू वाळून जायचं.

घर बांधल्याशिवाय नवा माणूस निघत नाही, हा त्या खेळाचा नियम. पोट्टे अडले की मग घर बांधायचे. काका दोन घरं आधीच बांधून ठेवायचे. "गँग आली अन् झोपडी नाही, असं कोठी असते का?" सोनं साठवून ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. "पडून राह्यलेला माल पाहून साहेब खूश होत नाही, मास्तर. साहेब इचारते, पडून काहून राह्यला." मी क्लास चालवायचो म्हणून मी मास्तर. आणि सगळ्यात आधी, पहिल्याच मिनिटाला, एक मजूर नकाशाभर फिरायला धाडायचा. खाण कुठं, नदी कुठं, समोरच्याचं गाव कुठं, हे पाहून यायला. "न पाहता सुरुंग लावते तो आपल्याच पायाखाली लावते."

एवढं शिकून आमचे पोट्टे असे तयार झाले की गोंदियाहून खेळायला आलेले चार गडी अर्ध्या तासात हरले आणि परतीच्या बसमध्ये, म्हणतात, एकमेकांशी बोललेच नाहीत.

पण काकांची एक खोड होती आणि ती कोणाला मोडता आली नाही.

त्यांना शिपायांची हौस नव्हती. त्यांची हौस म्हणजे दगड फेकणाऱ्या गाड्या. दोन-चार भालेवाले राखणीला आणि बाकी गाड्याच गाड्या. त्या गाड्यांचा धोंडा पडला की घर, भिंत, बुरूज सगळं भुईसपाट. फक्त तो धोंडा आपला-परका ओळखत नसे. जवळ आपला माणूस असला तर तोही गेला. म्हणून काका हल्ल्याआधी सगळ्या मजुरांना काम सोडून गावात बोलवायचे, ओळीत उभे करायचे आणि बोटानं पडद्यावर मोजायचे.

"सुकलू, बिरसिंग, मंगलू, झाडू…"

हो, नावं होती. उकव्याच्या त्यांच्या गँगची नावं. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी लाल झेंडी लागायची, शिट्टी व्हायची, सगळे बाहेर यायचे आणि हजेरी व्हायची. हजेरी पुरी झाल्याशिवाय बत्ती नाही. तीस वर्षांत काकांनी ते एकदाही चुकवलं नव्हतं, तर आता माउसनं कशाला चुकवतील?

"काका, ही पूर्ण एक मिनिट कामबंदी होते ना जी," मी म्हणायचो. "समोरचा तेवढ्यात बुरूज बांधून घेते."

"बांधू दे. मी तोही पाडतो."

फिरायला धाडलेल्या मजुराचं नाव नेहमी फागू. खराखुरा फागू कसा होता, ते काका रंगवून सांगत. एकदा सुरुंग भरून तयार, हजेरी घेतली तर फागू नाही. साहेब घड्याळ दाखवून राहिला, काका ढिम्म. तीन तास शोधलं. शेवटी खडकाच्या आड, टोपलीत मोहफुलं भरून, तिथंच घोरत पडलेला फागू सापडला. साहेबानं काकांना जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. "त्या दिवशी घरी यायले रात झाली," काका हसत सांगायचे. काकू वरून म्हणायच्या, "अन् घरचे उपाशी बसले होते, ते नाही सांगत."

आता त्यांच्या मुलाचं. प्रशांतभाऊ पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. मोठी नोकरी, मोठा फ्लॅट. आदल्या हिवाळ्यात काकांना खोकल्याची अशी उबळ आली की जिन्यातच बसले. मी आणि दोन पोट्ट्यांनी उचलून जीपमध्ये टाकून गोंदियाला दवाखान्यात नेलं. खाणीची धूळ छातीत बसली आहे, डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. तेव्हापासून प्रशांतभाऊ मागे लागले होते की घराला कुलूप लावा आणि पुण्याला चला. काका म्हणत, नाही. हे घर त्यांनी विटेविटेवर पाणी मारून बांधलं होतं. दिवाळीला प्रशांतभाऊ आले आणि मग वरच्या मजल्यावर जे झालं ते खालच्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू आलं.

"इथं काय करता बाबा तुम्ही? दिवसभर रिकामे तर बसून राहता."

मग काका म्हणाले, "मी रिकामा? चाल खाली."

प्रशांतभाऊ होस्टेलमध्ये हाच खेळ खेळलेले. पैज लागली ती माझ्यासमोर. काका जिंकले तर पुण्याचं नाव परत काढायचं नाही. प्रशांतभाऊ जिंकले तर संक्रांतीच्या आत घराला कुलूप.

"मले कोणी इचारलं?" काकू जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या.

काकू तिथंच शेवटच्या पायरीवर बसल्या, हातात निवडायला आणलेली मेथी. चार वाजता लाइट जायची, म्हणून अडीचलाच बाप-लेक पाठीला पाठ लावून बसले. बालाघाटचं अर्धं गाव माझ्या खोलीत होतं आणि उरलेलं अर्धं खिडकीत.

काकांनी तसा डाव त्या वर्षभरात मांडला नव्हता. एक मजूर रिकामा नाही. घरं आधी, माणसं मागून. फागू पहिल्याच मिनिटाला निघाला आणि प्रशांतभाऊंचं गाव नदीच्या वळणात आहे हे पाहून तिथंच, जंगलाच्या कोपऱ्यात, झाडाखाली उभा राहिला. तिकडे प्रशांतभाऊंचा खेळ मला कच्चा वाटला. माणसं कमी, शिपाई कमी, आणि घरं तर त्यांनी गाव सोडून भलत्याच कोपऱ्यात बांधली, जंगल आणि नदीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, तीन घरं एकाला एक चिकटून. नोकरीत राहून माणूस खेळ विसरतो, मी मनात म्हटलं.

तिसाव्या मिनिटाला काकांच्या आठ गाड्या नदीपलीकडे लागल्या. आता फक्त एक टिचकी. प्रशांतभाऊंचं गाव उडालं असतं, पुणं उडालं असतं, आणि काका आमचेच राहिले असते.

काकांनी मजूर गावात बोलावले. मोजायला लागले. बोट शेवटावर आलं आणि थांबलं.

"फागू कोठी हाय?"

फागू त्या कोपऱ्यात होता. मागे जंगल, बाजूला नदी आणि पुढे ती तीन घरं. काकांनी त्याला बोलावलं. तो घरांपर्यंत आला, रस्ता नाही म्हणून परत फिरला. पुन्हा बोलावलं. पुन्हा आला, पुन्हा फिरला.

"काका, घर फोडा अन् काढा त्याले," पोट्टे ओरडले.

"धोंडा कोणावर पडन?"

"अजी काका, एकच तर मजूर हाय. सोडा ना."

काकांनी त्या पोट्ट्याकडे असं पाहिलं की तो दोन दिवस क्लासला आला नाही. गाड्या उभ्या. मजूर ओळीत उभे. ज्या माणसाला एक रिकामा मजूर सहन होत नव्हता त्याची सगळी गँग हात बांधून उभी होती, आणि तो त्या एका ठिपक्याला जंगलाच्या कडेकडेनं फिरवत वाट शोधत होता. एक मिनिट गेलं, तीन गेली, पाच गेली. काकूंची मेथी निवडायची थांबली. तेवढ्या वेळात प्रशांतभाऊंनी घोडेस्वार काढले, कुठून काढले देव जाणे, आणि मागून येऊन आठही गाड्या जाळल्या. मग घोडे काकांच्या गावाकडे निघाले. समोर तीस मजूर रिकाम्या हातानं उभे.

घोडे पोचायच्या आत काकांनी हार मान्य करायचं बटण दाबलं. एकही मजूर मेला नाही. उठले, लुंगी झटकली आणि काकूंना म्हणाले, "सामान बांधाले घे."

जिंकलेल्या प्रशांतभाऊंकडे मी पाहिलं. ते कोणाकडे पाहत नव्हते.

संक्रांतीच्या चार दिवस आधी ट्रक लागला. गाद्या, कपाट, काकूंचं जातं. काका मफलर बांधून आधीच जीपमध्ये जाऊन बसले होते. मला गप्प बसवेना. दोर आवळणाऱ्या प्रशांतभाऊंना मी गाठलं.

"भाऊ, ती तीन घरं चुकून बांधली होती का?"

त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली.

"फागूला मारला असता तर बाबांनी हजेरीतून त्याचं नाव काढलं असतं आणि गाड्या सोडल्या असत्या. म्हणून कोंडला." मग म्हणाले, "खरा फागू मोहफुलांच्या टोपलीशी झोपला होता ना, त्या दिवशी मी सात वर्षांचा होतो. आई आणि मी जेवायचे थांबलो होतो."

मी मनात म्हटलं, ही लबाडी. काकांना कळलीच पाहिजे. मी जीपच्या खिडकीशी गेलो आणि सगळी चुगली एका दमात ओतली. घरं मुद्दाम बांधली, फागूला मुद्दाम जिवंत ठेवला, पैज खरी नाही, अजूनही उतरा खाली.

"हौ," काका म्हणाले. "पहिलं घर उठलं तवाच समजलं मले."

"समजलं होतं? मग गाड्या काहून नाही सोडल्या काका? राह्यले असते ना तुम्ही इथंच."

काका समोरच्या काचेतून बाहेर पाहत होते. ड्रायव्हरनं चावी फिरवली.

"माणूस आत होता, मास्तर."