मागे वळून पाहायचं नाही, म्हणे

मंडळी, आज सकाळी हरिश्चंद्र घाटावर बाबांना अग्नी दिला.

बाबा बनारसच्या पॅसेंजर गाडीचे गार्ड होते. नोकरीभर शेवटच्या डब्याच्या दारात उभं राहून मागे बघणं, हेच त्यांचं काम. हिरवा झेंडा दाखवणार इतक्यात "गार्ड बाबू, तनिक रुकिए!" म्हणत कोणी धावत आलं, की यांचा हात थांबलाच म्हणून समजा.

आता त्याच कामावर मी आहे. नाव तेवढं बदललं, म्हणे ट्रेन मॅनेजर! माझ्या केबिनमध्ये स्क्रीन आहे, त्यावर सगळे डबे दिसतात. एकदा गाडी उभी असताना बाबांना ती कौतुकाने दाखवली. म्हणाले, "छान आहे रे. पण सुटताना एकदा डोकं बाहेर काढून मागे बघत जा. कोणीतरी धावत येत असतं."

तेव्हापासून बघतो.

आज सगळं आटोपल्यावर गुरुजी म्हणाले, "चला, आता मागे वळून पाहायचं नाही." सगळे निमूट पायऱ्या चढू लागले. खरं सांगा, तुमचा पाय निघाला असता?

माझा निघता निघेना. वरच्या पायरीवर थांबलो आणि वळून पाहिलं.

कोणीही धावत येत नव्हतं.