शनिवारचा सिनेमा मामा निवडतात

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत शनिवारी कुठला नवा सिनेमा पाहायचा, हे शेजारचे मामा ठरवतात. सगळे त्यांच्याच टीव्हीपुढे जमतात. ओटीटीवर आलेला प्रत्येक सिनेमा ते आधी एकटे, शेवटच्या नावांपर्यंत पाहतात. जाहिरातींवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. टुकार सिनेमालाही शिवी नाही, नुसतं म्हणतात, "हा भाजी चिरता चिरता बघा."

मी गटारात उतरणाऱ्या कामगारांच्या हक्कांसाठी घरोघरी पत्रकं वाटते. त्यांच्यावरचा नवा सिनेमा दाखवा म्हणून मी मामांशी भांडले. "तुम्हाला फक्त लग्नं आणि मारामाऱ्या हव्यात!"

"तुझं पत्रक आहे की सिनेमा आहे, ते आधी बघू दे गं," मामा म्हणाले.

शनिवारी त्यांनी तोच लावला. थोड्याच वेळात समोरच्या अक्का कुरकुरल्या, "अय्यो, जेवायच्या वेळी हे काय? बदला!" आणखी दोघंतिघं उठले. मला वाटलं, संपलं. पण एरवी कुणालाही नाही न म्हणणारे मामा चक्क रिमोटवर बसले. "मी पूर्ण पाहिलाय, अक्का. चांगला आहे. कॉफी देतो, पण बदलणार नाही."

सिनेमा संपल्यावर कुणी लगेच उठलं नाही. मग अक्कांनीच विचारलं, "आपलं गटार तुंबलं की आत कोण उतरतो?"

माझी पत्रकं वर्षभर त्यांच्या घरात पडत होती, तरी हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि त्याचं नाव सांगितलं.