डझनावर एक आबा

माझ्या पहिल्या ॲपमध्ये मी ‘कांदेबाग’ या बटणावर कांद्याचं चित्र टाकलं होतं. पातीसकट.

जळगावकडचा वाचक इथेच हसला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पावसाच्या तोंडावर लावतात ती मृगबाग आणि पावसाळा सरताना लावतात ती कांदेबाग. दोन्हींत केळीच असते, कांदा फक्त नावात. पण मी पडलो धुळ्याचा. आमच्याकडे कांदा म्हणजे कांदा. केळीला कोणत्या आठवड्यात काय काम करायचं हे सांगणारं ॲप बनवण्याआधी एखादी केळीची बाग पाहून यावी, एवढं मला सुचलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी ॲप बाजारात आणणं म्हणजे लग्न लावण्यासारखं असे. चोपड्यात हॉल घेतला, फ्लेक्स लावला (त्यावर ॲपपेक्षा माझा फोटो मोठा), नारळ, पेढे, प्रमुख पाहुणे. मी कोट घातला होता. मे महिन्यात, चोपड्यात! पडद्यावर कांदा उमटला आणि तिसऱ्या रांगेतून एक उंच, सडपातळ म्हातारा उठला. डोक्यावर टोपी, खांद्यावर रुमाल.

“भो, आम्ही आठे केयी लावतस. तू कांदा काब्र दखाडी राह्यना?”

हॉल पाच मिनिटं हसत होता. प्रमुख पाहुण्यांना तर ठसकाच लागला. मग सगळे पेढे खाऊन निघून गेले. तो म्हातारा तेवढा थांबला. हात धुऊन आला, रुमालाला कोरडे केले आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. “टाक तुना कांदा.” तेव्हा स्टोअर वगैरे कोणाला ठाऊक नव्हतं. दोन फोन एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि ब्लूटूथने फाइल जाईपर्यंत बसायचं. त्या वीस मिनिटांत आमची ओळख झाली. चोपड्याजवळच्या एका गावात त्यांची केळी होती. अख्खा गाव त्यांना आबा म्हणायचा, मीही म्हणू लागलो.

आबांची ॲप तपासायची रीत मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचली नाही. ते बोटं मोजायचे. हवी ती गोष्ट दिसायला जितक्या वेळा दाबावं लागेल तितकी बोटं दुमडत जायची. तिसऱ्या बोटापर्यंत काम झालं तर ठीक, नाहीतर फोन ओट्यावर पालथा. “हाई पाच बोटंनं काम शे. तीनमा बसाड.” मी समजावायला तोंड उघडलं की हात वर करायचे. “तू बोलू नको. तू बठ्ठास्ना घर जाईसन सांगशी का?” सगळ्यांच्या घरी जाणं काही शक्य नव्हतं, म्हणून मी जळगावात पिंपराळ्याला माझ्या घरी परत येऊन दोन बोटं कापायचो. आजही नवं काही बनवताना माझी बोटं आपोआप दुमडतात. बायकोला वाटतं, मी जप करतो.

फोनवर जे येईल ते आबा मोठ्याने वाचत. एकदा वाचलं, “हे ॲप आपले संपर्क पाहू इच्छिते.” चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिले. “केयीले खत देवाले मना व्याहीना नंबर कसाले जोयजे?”

सगळेच मागतात म्हणून मीही मागितले होते. पुढे काही वर्षांनी स्टोअरवाल्यांनी हाच प्रश्न लांबलचक इंग्रजी अर्जात विचारला, तेव्हा मला व्याही आठवले आणि मी ती मागणीच काढून टाकली.

तर असं करत करत जग बदललं. हॉल गेले, फ्लेक्स गेले, ब्लूटूथ गेलं, आणि अर्ज आले. दोन वर्षांपूर्वी मी तेच ॲप पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिलं आणि स्टोअरच्या दारात अडकलो. नियम असा की आधी डझनभर माणसांनी ते सलग दोन आठवडे फोनमध्ये ठेवायचं, वापरायचं. एक जरी कमी झाला तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून. मी पिंपराळ्यातले मित्र, शेजारी, भाचे गोळा केले. सगळ्यांनी पहिल्या दिवशी “मस्त आहे रे” म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी काढून टाकलं. दुसऱ्या वेळीही तेच. पुण्याचा मेहुणा नोकरी घेऊन टपलेलाच होता. मी त्याला शब्द दिला, “आता तिसऱ्यांदा नाही जमलं तर दुकान बंद करून येतो.”

हे आबांना कळलं. त्यांची स्वतःची पिशवी भरलेली होती. गुडघे गेले, बाग दुसऱ्याला कसायला दिली, आणि मुलगा सुरतेहून रोज बोलावत होता. त्यांनी माझ्यादेखत त्याला फोन लावला. “पंधरा दिन थांब. मनं आठे ॲप चाली राह्यनं.” फोन ठेवून मला म्हणाले, “पुनाले जाऊ नको. डझन मानसं मी देस.”

आणि दिली. रोज सकाळी आबा दुखऱ्या गुडघ्यांनी गावात फेरी मारायचे आणि प्रत्येकाला समोर ॲप उघडायला लावायचे. दहाव्या दिवशी मला निरोप आला की यादीतल्या लोटन भाऊंनी पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ मावेनात म्हणून ॲप काढून टाकलं. माझ्या डोळ्यांपुढे पुणं आलं. मिळेल ती एसटी पकडून चोपडा गाठलं, तिथून रिक्षाने गाव. आबा ओट्यावर चहा पीत होते.

“आबा, अकराच उरले! सगळं पहिल्यापासून!”

“बस. च्या पे,” आबा म्हणाले. “डझन दिधं का एक वर देनं पडस. एखादं दबेल निंघसच.”

त्यांनी पहिल्या दिवसापासून तेरा माणसं लावली होती. आयुष्यभर केळी विकलेल्या माणसाला जे ठाऊक होतं ते मला संगणकाची पदवी घेऊन ठाऊक नव्हतं. यादी मी स्वतः भरली होती, तेरावं नावही मीच लिहिलं होतं. फक्त मोजलं नव्हतं.

परवानगी आली त्या दिवशी आबा सुरतेच्या गाडीला निघाले होते. वाटेत पिंपराळ्याला माझ्या घरी उतरले. इस्तरीचा सदरा, नवी टोपी. ॲप बाजारात येणार म्हणून खास घातलेली. बायकोने शिरा केला. रिक्षा दारात उभी. मी संगणक उघडला, आबांची खुर्ची जवळ ओढली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक छोटी हिरवी खूण आली. पंखा फिरत होता. बाकी काही झालं नाही.

आबा वाट पाहत बसले. मी म्हटलं, “व्हई गयं, आबा.”

“व्हई गयं?”

“हो.”

त्यांनी एकदा त्या खुणेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पिशवी उचलली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि दारातून वळून म्हणाले, “इतलंच व्हतं, त तुले धा वरीस काय लागनात भो?”