शितोळ्यांच्या वाटीतला तवंग

“तुमचे पायलटसाहेब चोरून खातात, मिसेस कुलकर्णी. दुसरं काही नाही,” असं म्हणून डॉक्टर मूर्तींनी केसपेपर माझ्याकडे सरकवला. याही खेपेला वजनाचा काटा जागचा हलला नव्हता.

शितोळे दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. “बोर्डाने ग्राउंड केलं तर सोसेन, डॉक्टर. खोटारडा म्हटलेलं नाही सोसायचं,” एवढंच बोलून ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

साठचं दशक होतं. बंगळूरच्या एका हॉस्पिटलात मी डाएटिशियन होते. पेशंटने काय आणि किती खायचं हे ठरवणं, हे आमचं काम. पुष्कळांना आम्ही म्हणजे हॉस्पिटलच्या स्वयंपाकीणबाईच वाटायचो! फ्लाइट लेफ्टनंट शितोळे येलहंक्याला हवाई दलात होते, मूळचे माझ्यासारखेच बेळगावचे. त्यांचं मेडिकल बोर्ड जवळ आलं होतं. तोवर वजन उतरलं नाही तर ग्राउंड, म्हणजे विमान बंद आणि टेबलाशी बसून फायली. म्हणून बिचारे आपणहून आमच्याकडे आले होते.

मला काही ते चोरून खाणारे वाटत नव्हते. मेसच्या पार्टीत हा माणूस लिंबूपाण्याचा ग्लास धरून उभा राहायचा. मटण मात्र मी बंद केलं नव्हतं. आठवड्यातून तीन-चारदा मटण शिजणाऱ्या घरात ते बंद करा म्हटलं, की पेशंट दुसऱ्या दिवसापासून थापा मारायला लागतो. आता मटणाच्या कॅलरी काढणं म्हणजे डोक्याला ताप. मांडीचं मटण वेगळं, सीना म्हणजे छातीचं आणि चाप म्हणजे बरगडीचं वेगळं, कारण त्यांत चरबी भरपूर. आणि तेवढ्याच वजनाच्या मांसापेक्षा चरबीत कॅलरी कितीतरी जास्त. म्हणून मी सांगितलं होतं : मांडीचेच तुकडे, चरबी काढलेले, तोलून चार. यात चुकायला जागा होती कुठे?

मी सालडाना मॅडमकडे गेले. त्या माझ्या बॉस. मंगळूरच्या, बुटक्या, तोंडाने फटकळ. पण काय डोकं होतं त्या बाईला! आजही आठवण आली की ऊर भरून येतो.

“काय खातो ते विचारलंस?”

“दर वेळी विचारते, मॅडम.”

“मग आता विचारू नकोस. रविवारी जेवायच्या वेळी त्यांच्या घरी जाऊ.”

रविवारी गेलो. शितोळेवहिनी “या अक्का, या” करत पुढे आल्या. सासूबाई, दोन दीर, असं भरलं घर. मॅडम म्हणाल्या, “आम्ही आलोच नाही असं समजा. रोज वाढता तसंच वाढा.”

वहिनींचं काम बघून मी थक्क झाले. मोठ्या पातेल्यात घरच्यांसाठी सीना आणि चाप शिजत होते, कारण सासूबाईंना तेच लागायचं. त्याच पातेल्यात साहेबांचे मांडीचे तुकडे. तेही तराजूवर तोललेले, सुरीने चरबी खरवडून काढलेले. इतकं नेमकं तर आमच्या हॉस्पिटलच्या किचनमध्येही होत नसे!

मग वाढणं सुरू झालं. त्यांच्या घरची रीत अशी, की पहिली वाटी कर्त्या पुरुषाची आणि शेवटची, तळाची, सुनेची. वहिनींनी चार तुकडे मोजून घातले आणि पळी पातेल्याच्या वरच्यावर गोल फिरवून लालभडक रस्सा वाटीत ओतला. “अहो, तुकडे तर तेवढेच मिळतात. रस्सा तरी चांगला घ्या,” त्या मायेने म्हणाल्या. वर तवंग असा, की खालचे तुकडे दिसेनात. रस्सा म्हणजे मसाल्याचं पाणी, असं मी शाकाहारी घरातली बाई समजत होते. मॅडम तशा थोड्याच समजणार!

“ही वाटी मला द्या,” त्या म्हणाल्या. “आणि वहिनी, शेवटी तुमची वाढाल तीही.”

साहेब भाकरी हातात घेऊन बघतच राहिले.

दोन्ही वाट्या लॅबच्या फ्रिजात गेल्या. मटणाची चरबी गार झाली की मेणासारखी गोठते. सकाळी काढल्या, तर वहिनींच्या वाटीवर साय असावी तेवढा पापुद्रा, आणि साहेबांच्या वाटीवर बोटभर जाड चकती. मॅडमनी ती सुरीने अलगद सोडवली, तोलली आणि ग्रॅमला नऊ कॅलरी या हिशेबाने गुणली. मी शितोळ्यांच्या दोन दिवसांच्या खाण्यातून जेवढं कापलं होतं, ते सगळं त्या एका चकतीत परत आलं होतं.

चकती बशीत घालून त्यांनी डॉक्टर मूर्तींच्या टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“शितोळ्यांची चोरी,” मॅडम म्हणाल्या.

दोघांना हॉस्पिटलात बोलावून सांगितलं तेव्हा वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “म्हणजे यांचं विमान मीच बंद पाडायला निघाले होते?”

मॅडम जवळ जाऊन बसल्या. “चरबी सीन्याची. ती रश्श्यात उतरली आणि वर तरंगली. तुमचा एक तुकडा इकडचा तिकडे झालेला नाही. आमच्या तक्त्यात पळीचा रकाना नाही, ही चूक आमची. आता असं करा, यांना सगळ्यांत शेवटी वाढा. तळाचं.”

“शेवटी? यांना? आणि सासूबाई?” वहिनींचं रडणं जागच्या जागी थांबलं.

“आईला मी सांगतो,” शितोळे म्हणाले. “तू वाढ.”

सासूबाईंनी पंधरवडाभर अबोला धरला. वजन मात्र उतरायला लागलं, आणि बोर्डापर्यंत हवं तिथे आलं.

बोर्ड पास झाल्यावर शितोळे युनिफॉर्ममध्येच हॉस्पिटलात आले. ओपीडी भरलेली होती. डॉक्टर मूर्ती खुर्चीतून उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मी तुम्हाला खोटारडं ठरवलं. माझं चुकलं.” शितोळ्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला, मग रुमाल काढून तोंड फिरवलं. मॅडम तिथे नव्हत्याच. त्या किचनमध्ये पातळ डाळीवरून कुणालातरी फैलावर घेत होत्या.

पुढे माझी सगळी नोकरी झाली. ‘काय खाता’ हे विचारणं मी सोडून दिलं. पेशंटच्या घरच्यांना बोलवायचे, समोर पातेलं ठेवायचे आणि म्हणायचे, “वाढून दाखवा.”