आगीचा मान

आमच्या गावाचं नाव मी सांगत न्हाई. सेलूच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळाला चिकटून हाय, एवढं पुरे. त्या वेळचे मानपानवाले लोक अजून हिंडतेत-फिरतेत, अन् माझं, या सरजाबाईचं, तोंड एकदा सुटलं की ती कुणाची गय करत न्हाई हे त्यांना बी ठाऊक हाय. मी जिनिंगात सरकी वेचणारी बाई. मला काय घेणं-देणं न्हाई, म्हणून खरं सांगायला मोकळी.

गोष्ट बन्सीधरची हाय. हा बन्सीधर नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होता. अंगानं काडी अन् आवाज असा की समोरच्याला वाटावं, हा काय तरी उसनं मागायलाय. नाक्यावर बैलगाडी आली की हा हात वर करून म्हणायचा, "थांबता का जरा?" गाडीवान म्हणायचा, "येताना थांबतो," अन् निघून जायचा. बन्सीधर हात तसाच वर धरून गाडीकडं बघत राहायचा. घरी कडूबाईसमोर, म्हणजे त्याच्या बायकोसमोर, तर तो हात बी वर करायचा न्हाई.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पुढं कापूस बक्कळ आला, अन् जिनिंगच्या शेठला कापसाच्या गंजीला आग लागंल या काळजीनं झोप येईना. मग नगराध्यक्ष दत्तराव अन् शेठ दोघांनी खटपट करून कुठल्या तरी मोठ्या शहरानं मोडीत काढलेला एक आगीचा बंब आणला. त्याला हळदकुंकू झालं, फटाके उडाले. फटाक्यानं बंबाचीच ताडपत्री पेटली, ती बायकांनी घागरीनं विझवली. बंब चालवायला नागनाथ डायव्हर मिळाला, पण औरंगाबादला जाऊन आगीचं शिक्षण घ्यायला कुणी तयार होईना, कारण ऐन लग्नसराई होती. पंगती सोडून जाणार कोण? शेवटी ज्याला न्हाई म्हणता येत न्हाई त्याला धाडलं.

बन्सीधर परत आला तो बूट, शिट्टी अन् पांढरी लोखंडी टोपी घेऊन. चावडीपुढं सगळे जमले. हा टोपी काखेत धरून बोलायला लागला. "आगीच्या जागी हुकूम एकाचाच. जो आधी पोचेल त्यानं टोपी घालायची, आग कुठून कुठं जायलीय ते बघायचं, कोण कुठं उभं राहील ते ठरवायचं. दहा जणांनी दहा हुकूम दिले की पाणी वाया जातं. मोठा साहेब आला, तर त्याला आधी सगळी हकीकत सांगायची, मग टोपी त्याला द्यायची अन् आपण बाजूला व्हायचं."

बाकीचं सगळं वाऱ्यावर गेलं. मोठ्याला टोपी द्यायची, एवढं मात्र गावानं बरोबर ऐकलं.

आता आमच्या गावात मानाशिवाय पान हालत न्हाई. पोळ्याला कुणाचा बैल आधी तोरणाखालून जायचा यावरून डोकी फुटलेली हायत. लग्नात टोप्या-उपरणी द्यायला एखादा चुलता राहिला तर तो मांडवातून उठून जातो, अन् त्याला आणायला वाजंत्री धाडावी लागते. अशा गावाला तुमी एक पांढरी टोपी दाखवली अन् सांगितलं की ही सगळ्यात मोठ्या माणसाची, तर दुसरं काय होणार?

पहिली आग मुंजाजीच्या कडब्याला लागली. बंब वेळेवर पोचला, यात बन्सीधरला बोल लावायला जागा न्हाई. त्यानं टोपी घातली, वारा बघितला, नागनाथला वळण दाखवलं. तेवढ्यात नगरपालिकेचा ओव्हरसियर सायकलीवरून आला. बन्सीधरनं हकीकत सांगायला तोंड उघडलं. ओव्हरसियर म्हणाला, "ते राहू दे, टोपी आण." त्यानं पाण्याचा पाइप उजवीकडं नेला. मग उपाध्यक्ष आले, त्यांनी टोपी घेऊन पाइप डावीकडं नेला. मग दत्तराव आले जीपमधून. त्यांनी टोपी घातली, ती जरा ढिली बसली, म्हणून आतून रुमाल घातला, अन् पाइप परत उजवीकडं नेला. शेवटाला दिनकरराव पाटील आले. त्यांनी टोपीकडं बघितलं अन् म्हणाले, "होळी पेटवायचा मान आमच्या घराचा. मग विझवायचा बी आमचाच."

दत्तराव म्हणाले, "होळी पाटलाची असंल, बंब नगरपालिकेचा हाय."

हे बोलणं जोरात आलं अन् टोपी खाली जमिनीवर ठेवावी लागली, कारण निकाल लागेपर्यंत ती कुणाच्या डोक्यावर असणं बरं दिसत न्हव्हतं. नागनाथ पाइप हातात धरून विचारायला लागला, "आता कुणाचं ऐकू?" तवर कडब्याची राख झाली. मुंजाजीची बैलं वर्षभर काय खाणार, हे कुणाच्या डोक्यात बी आलं न्हाई.

पुढं त्याच्यावर सभा झाली. आग कशी विझवावी यावर न्हाई, आगीचा मान कुणाचा यावर. ठराव असा झाला की गावठाणातली आग असली तर टोपी आधी पाटलाला दाखवायची, मग अध्यक्षानं घालायची. बन्सीधर सभेत उभा राहून म्हणाला, "पण हुकूम..." अन् चहा आला. मला त्याची कीव बी यायची अन् राग बी यायचा. रात्रंदिवस बंब पुसायचा, पाइपाला तेल-पाणी करायचा, अन् आग लागली की स्वतःच्याच टोपीमागं उघड्या डोक्यानं पळायचा. मी एकदा त्याला तोंडावर म्हणले, "बन्सीधर, एकदा तरी म्हण की टोपी देत न्हाई." तो म्हणाला, "सरजाक्का, कायदाच तसा हाय."

मग ती चैतातली आग आली. दुपारची वेळ, वारा सुटलेला. जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी पेटली. अन् आवाराच्या भिंतीला लागूनच आमचं भीमनगर. दहा-अकरा घरं, एकाला एक चिकटलेली, कापसाच्या पऱ्हाट्याच्या कुडाच्या भिंतींची अन् गवताच्या छपराची. माझं घर बरोबर मधी. शेवटच्या घरात बायनाबाई बाळंतीण होती. लेकरू आठवड्याचं बी न्हव्हतं. मागं नाला, अन् पुढची वाट धुरानं भरलेली. तिला खाटेसकट उचलून न्यायला बी जागा न्हव्हती.

बंब आला. बन्सीधरच्या डोक्यावर टोपी टिकली ती दत्तरावांची जीप येईपर्यंत. आल्या आल्या दत्तरावांनी पाणी गंजीवर सोडलं. मग शेठ म्हणाले हाफिसात हिशेबाच्या चोपड्या हायत, म्हणून पाणी हाफिसावर. मग ओव्हरसियरनं मशिनीचा विषय काढला, म्हणून पाणी मशिनीवर. गंजी आपली जळत राहिली. वारा फिरला अन् जळता कापूस उडून आमच्या पहिल्या घरावर पडला. ते पेटलं. दुसरं पेटलं. बायका छाती बडवायला लागल्या, गडी माणसं दत्तरावांच्या अंगावर धावून गेली.

तवा मी या डोळ्यांनी बघितलं. दत्तरावांनी घाईनं टोपी काढली, रुमाल तेवढा खिशात घातला, अन् म्हणाले, "बन्सीधर, शिक्षण तुझं झालंय. कायद्यानं जिम्मेदारी तुझी. धर." ओव्हरसियर म्हणाला, "बरोबर हाय." पाटील तर कवाच म्हणाले होते की जिनिंग गावठाणात येत न्हाई, इथं आमचा मान न्हाई. एवढे सगळे मोठे लोक एका दमात लहान झालेले मी परत कधी बघितले न्हाईत.

बन्सीधरनं टोपी घातली. नागनाथ म्हणाला, "टाकीत बुडालाच पाणी राहिलंय." बन्सीधरनं वाऱ्याकडं बघितलं, आमच्या घरांकडं बघितलं. तिसरं घर पेटलं होतं. तो नागनाथला म्हणाला, "गंजी सोड. बंब इकडं घे." शेठ वरडले. हा वळला न्हाई. माझ्यापुढं आला अन् त्याच त्याच्या बारीक आवाजात म्हणाला, "सरजाक्का, तुमचं घर पाडायचं हाय."

माझं घर पेटलेलं न्हव्हतं. धडधाकट उभं होतं. माझ्या नवऱ्यानं, सूर्यभाननं, हमाली करून, मेढीचा एकेक खांब डोक्यावर आणून ते बांधलेलं. मी त्याला म्हणले, "तुझ्या तोंडात किडे पडो. शेठचा कापूस दिसत न्हाई, माझंच घर दिसलं का तुला?"

तो म्हणाला, "मधी जागा मोकळी केली तर पलीकडची वाचतेल. न्हाईतर बायनाबाईपर्यंत जातंय. मी सांगतो म्हणून पाडा."

मी सांगतो म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा ह्यो माणूस असं बोलला असंल. सगळे दत्तरावांकडं बघायला लागले, अन् दत्तराव जीपकडं बघायला लागले. कुणी जागचं हालंना. मला शेवटच्या घरातनं खोकल्याचा आवाज आला, बायनाबाईच्या. मग मीच माझ्या दाराच्या मेढीला हात घातला. मी हात घातल्यावर गडी माणसं धावली. वरचं आडं खाली आलं, छप्पर ओढून नाल्यात टाकलं, कूड उपसला. जेवढं पाणी होतं तेवढं त्या मोकळ्या जागेवर मारलं. आग तिथपर्यंत आली अन् थांबली. पलीकडची पाच-सहा घरं वाचली. बायनाबाई वाचली, लेकरू वाचलं. माझं घर नाल्यात पडलेलं होतं. मी बसून रडले.

हार घालायचा कार्यक्रम लगेच झाला. भीमनगर वाचवल्याबद्दल दत्तरावांना हार, ओव्हरसियरला हार. बन्सीधरला नोटीस. शेठचा अर्ज गेला होता की पाणी गंजीवरून काढलं, अन् उभं घर पाडायचा हुकूम कुणी दिला याची चौकशी व्हावी. अन् त्यात आणिक एक गंमत. सरकारनं छपराला पत्रे मंजूर केले, पण जळालेल्या घराला. माझं जळालं न्हव्हतं. पाडलेल्या घराला पत्रे मिळणार, पण बंबवाल्याच्या हुकमानं पाडलं असं चौकशीत शाबीत झालं तरच.

चौकशीच्या आदल्या दिवशी कडूबाई आली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "आक्का, ह्यांची नोकरी जाईल. कुणी हुकूम दिला न्हाई म्हणा. तुमच्या पाया पडते." मी तिला हाकलून दिलं. मग उघड्या जागेवर बसून विचार केला. पत्रे मला पाहिजे होते. सूर्यभान तर म्हणाला, खरं तेच सांग, आपण काय चोरी केली का? पण पलीकडं बायनाबाईचं लेकरू रडत होतं, अन् ते ऐकलं की बन्सीधरचं नाव घ्यायला माझी जीभ तयार होईना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत परभणीचा साहेब बसला होता. बाजूला दत्तराव, ओव्हरसियर, शेठ. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की ते तिथं निव्वळ बघायला गेले होते. बन्सीधर कोपऱ्यात उभा होता, टोपी न्हाई, काही न्हाई.

साहेबानं विचारलं, "बाई, घर पाडायचा हुकूम कुणी दिला?"

मी म्हणले, "कुणीच न्हाई साहेब. मलाच वाटलं, मीच पाडलं."

"मग तुम्हाला पत्रे मिळणार नाहीत. कळतंय ना?"

"नकोत पत्रे."

साहेबानं मान डोलावली. दत्तरावांनी बी डोलावली. गोष्ट सगळ्यांच्या सोयीची झाली होती. तेवढ्यात कोपऱ्यातून बन्सीधर पुढं आला.

"साहेब, सरजाक्का खोटं बोलायलीय. हुकूम माझा होता."

साहेब म्हणाला, "विचार करून बोल."

"केला साहेब. टोपी माझ्या डोक्यावर होती. पाणी मी फिरवलं, घर मी पाडायला लावलं. यांनी ऐकलं."

लिहून घेतलं. सही घेतली. नोकरी गेली, ती तिथंच गेली. माझे पत्रे मंजूर झाले, ते बी तिथंच.

बाहेर आल्यावर मी त्याला लिंबाखाली गाठला. अंगाची आग आग झाली होती माझ्या. म्हणले, "येड्या, मी तुझ्यासाठी माझं छप्पर सोडलं होतं. गप उभा राहिला असतास तर काय झालं असतं तुझं?"

तो खाली बघत म्हणाला, "आक्का, आजवर माझं कुणी ऐकलं न्हाई. एकदा तुमी ऐकलं. ते बी झालंच न्हाई म्हणून कसं लिहू देऊ?"

मला त्याला आणिक शिव्या द्यायच्या होत्या. तोंडाशी आल्या होत्या. पण कडूबाई तिथंच उभी होती, अन् तिनं पुढं होऊन त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. मी पत्रे आणायला बैलगाडी बघायला गेले.